स्ट्रायकर शिकवायला लागतो तेव्हा

नावाजलेला खेळाडू मैदानावर आणून उभा केला की पोरे आपोआप तयार होतात, ही समजूत अमरावती-अकोल्याकडे फार जुनी आहे. भारतीय फुटबॉलच्या गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांवर नजर टाकली, तर ती फार तर अर्धी खरी ठरते. पी. के. बॅनर्जी हे 1960 च्या रोम ऑलिंपिकमधले भारताचे कर्णधार. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यातला एक गोल त्यांचा होता. खेळ थांबल्यावर ते प्रशिक्षणाकडे वळले आणि 1970 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत जी. एम. बाशा यांच्या जोडीने त्यांनी भारताला कांस्यपदक मिळवून दिले. त्या संघातला तरुण आघाडीवीर सुभाष भौमिक पुढे 1973 ते 1975 ईस्ट बंगालमध्ये त्यांच्याच हाताखाली खेळला. हाच भौमिक पुढे प्रशिक्षक झाला. त्याच्या ईस्ट बंगालने 2002-03 आणि 2003-04 अशी सलग दोन वर्षे राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2003 मध्ये जकार्तात बेक तेरो सासानाला 3-1 असे हरवून आसियान क्लब स्पर्धाही जिंकली. दहा वर्षांनी गोव्यात चर्चिल ब्रदर्सने आय-लीग जिंकली, तेव्हा तांत्रिक संचालक तोच होता. या यशामागे त्याचे गोल आहेत असे मला वाटत नाही. आसियान स्पर्धेआधी त्याने संघासाठी तंदुरुस्तीचा वेगळा प्रशिक्षक नेमला. आपल्याला काय येत नाही, हे ओळखण्याची ही तयारी त्याने मैदानावर गोल मारताना कमावलेली नव्हती.

स्ट्रायकरची नजर चेंडूवर आणि गोलवर असते, तर प्रशिक्षकाला चेंडूपासून लांब असलेले खेळाडू पाहावे लागतात. तेरा वर्षांचा मुलगा गोलकडे पाठ करून चेंडू घेतो आणि लगेच तो गमावतो. जुना स्ट्रायकर ओरडतो, ‘‘फिर आणि मार!’’ त्याला स्वतःला ते जमायचे, पण कसे जमायचे हे सांगता येत नाही. शिकलेला प्रशिक्षक खेळ थांबवतो, चेंडू यायच्या आधी खांद्यावरून मागे बघायला लावतो, पाय अर्धवट वळवून उभे राहायला सांगतो आणि तोच पास दहा वेळा देतो. उपजत जमणारी गोष्ट सुटी करून दाखवणे हे निराळे कौशल्य आहे आणि ते शिकावे लागते.

कोणी म्हणेल, प्रमाणपत्राच्या कागदाने प्रशिक्षक घडतो का? भौमिककडे तरी सर्वोच्च परवाना कुठे होता? आक्षेप रास्त आहे. पण भौमिकला पी. के. भेटले होते, वर्षानुवर्षे. ज्यांच्याजवळ असा गुरू नाही, त्यांना अभ्यासक्रमाचाच आधार घ्यावा लागतो. दुसरा आक्षेप असा की, पोरे नावाजलेल्या खेळाडूचेच ऐकतात. ऐकतात खरे, पण दोन-चार आठवडे. त्यानंतर रोज सरावाला येणाऱ्या माणसाचेच ऐकले जाते.

आणि ही गोष्ट वऱ्हाडाला कोणी बाहेरून येऊन सांगायला नको. अमरावतीत 1914 मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. 1936 मध्ये त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, आणि पुढे मंडळातच शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले. खेळ शिकवणे हे शिकण्याचे शास्त्र आहे, यावर हे शहर शंभर वर्षे उभे आहे. अमरावती विभागातल्या पाचही जिल्ह्यांत शालेय स्पर्धांसाठी संघ बांधतात ते पी.टी.चे सर आणि गावातले जुने फॉरवर्ड. परवान्याची सुरुवातीची पायरी त्यांच्याच दारात यायला हवी. जिल्हा संघटनांनी पुढच्या हंगामाआधी डी-लायसन्सचा एक वर्ग अमरावतीत आणि एक अकोल्यात घ्यावा, शुल्क स्वतः भरावे, आणि निम्म्या जागा क्रीडाशिक्षकांसाठी राखून ठेवाव्यात.