‘टेक’ म्हणजे केवळ ‘घेणे’ नव्हे

‘टेक’ हे इंग्रजी क्रियापद मूळचे नॉर्स भाषेतले. ‘निमन’ या जुन्या इंग्रजी शब्दास त्याने हुसकावून लावले. आपण त्याचा अर्थ ‘घेणे’ असा पाठ करतो आणि तेथेच फसगत होते. औषध आपण घेतो खरे. पण छायाचित्र काढतो. परीक्षेच्या बाबतीत तर सारे उलटेच! इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो. मराठीत तो ती देतो, घेतात ते गुरुजी. आमचा बेळगावचा कन्नड शेजारी ती ‘लिहितो’. ‘आय गेव्ह द एक्झाम’ लिहिणाऱ्या मुलास मी मठ्ठ म्हणणार नाही. तो मराठीत विचार करीत असतो.

‘सीझ’, ‘ॲक्सेप्ट’ हे पर्याय खरे. परंतु पहिल्यात बळजबरी आहे, दुसऱ्यात संमती. ‘टेक’मध्ये काय आहे, ते पुढचे कर्म ठरविते. म्हणून सुटे क्रियापद मी कधीच पाठ करावयास देत नाही.