चूक शोधण्याचे शिक्षण

वसई-विरारच्या घरांतून हल्ली 'बूटकॅम्प' हा शब्द कानी पडतो. मूळ अर्थ रंगरुटांची छावणी. २०१२च्या सुमारास अमेरिकेत प्रोग्रॅमिंग शिकवणारे तीनेक महिन्यांचे वर्ग या नावाने निघाले. तिथे जाऊन काय मिळते? नोकरी, असे आपण म्हणाल. मिळते, कधी नाहीही मिळत. पहिल्यांपैकी 'डेव्ह बूटकॅम्प' तर २०१७ साली बंदच झाला.

मला मास्तराला मोल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. आमच्या वर्गात चूक म्हणजे लाल शाई आणि खाली मान. तिथे दिवसभर चुकायचेच असते. पायथन भाषेत विसर्गासारखी दोन टिंबे राहिली, तर यंत्र ओळीचा आकडा सांगते. पंचाईत पुढेच आहे: प्रोग्रॅम चालतो, पण उत्तर चुकते. वाडीत केळीपर्यंत पाणी पोहोचेना, की माळी काय करतो? पाइप मधोमध सोडवून बघतो. तिथवर पाणी आहे ना, मग दोष पुढल्या निम्म्यात. असे निम्मे-निम्मे करीत गेले, तर एकापाठोपाठ चालणाऱ्या हजार ओळींतही दहा खेपांत जागा सापडते. नाहीच सापडली, तर शेजारच्याला विचारायचे. मग तो वयाने लहान का असेना. 'मला कळत नाही, जरा बघ' हे म्हणणे मला स्वतःला चाळिशीपर्यंत जमले नव्हते, बरे का!