मोटार कॅराव्हॅन (एकट्याचा प्रवास)

मोटार कॅराव्हॅन म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व बहुधा स्वच्छतागृहाची सोय असलेले मोटार वाहन होय. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले.

एकट्या प्रवाशाच्या निवडीत अंतर्गत सोयींपेक्षा वाहनाची लांबी अधिक महत्त्वाची ठरते. रत्नागिरी जिल्ह्यात महामार्ग सोडला की गावांतील रस्ते अरुंद होतात. दोन्ही बाजूंस चिऱ्याचे गडगे, वर फणसाच्या फांद्या. तेथे गाडी मागे घेताना खाली उतरून अंतर सांगणारा सोबती नसतो. त्यामुळे ओढून न्यावी लागणारी कॅराव्हॅन येथे गैरसोयीची, तर आखूड व बंदिस्त व्हॅन सुटसुटीत. दापोलीहून गुहागरला जाताना दाभोळ–धोपावे फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडता येते. अन्यथा चिपळूणमार्गे वळसा पडतो. मागील चाकांपलीकडे बराच लांबलेला सांगाडा मात्र बोटीच्या उतारावर घासू शकतो.

साध्या व्हॅनचे रूपांतर करावयाचे असल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मधील बदलांविषयीच्या तरतुदी पाहाव्या लागतात.

घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो व गळती झाल्यास तळाशी साचतो. म्हणून झरोका आणि गॅसगळती-सूचक जमिनीलगत हवेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मुसळधार पावसात खिडक्या लावून शेगडी पेटती ठेवल्यास झोपेतच मृत्यू ओढवू शकतो, आणि एकट्या प्रवाशाला जागे करणारे शेजारी कोणी नसते. त्यासाठी वेगळे सूचक यंत्र बसवावे लागते.