वर्धेच्या अंगाने बल्लारशा

बल्लारशाचा किल्ला बहुतेक जण गावाकडून बघतात. एकमेकांशी काटकोनात उभे असलेले दोन दरवाजे ओलांडायचे, आतल्या पडझडीतून एक फेरी मारायची आणि परत फिरायचं. शत्रूला सरळ धाव घेऊन आतल्या दारावर आदळता येऊ नये अशी ही रचना, ती पाहण्यासारखी आहेच. पण या किल्ल्याची खरी ओळख मला झाली ती वर्धा नदीच्या पात्रातून. नदीच्या बाजूच्या तटात एक लहान दरवाजा आहे. दिवाळीनंतर पाणी ओसरतं, काठाची रेती उघडी पडते, तेव्हा खाली उभं राहून त्याच्याकडे बघावं. राजधानीसाठी हीच जागा का निवडली, याचं उत्तर समोर वाहत असतं.

इतिहास थोडक्यात सांगतो. पंधराव्या शतकात गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने सिरपूरहून राजधानी इथे आणली आणि पुढे चंद्रपूर वसवलं. अंगावरच्या गाठींनी हैराण झालेला हा राजा झरपट नदीच्या पाण्याने बरा झाला, ही कथा आमच्याकडे घरोघरी माहीत आहे. 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी गोंडांचं राज्य घेतलं आणि शेवटचा राजा नीलकंठशहा याला याच किल्ल्यात कैदेत ठेवलं. ज्या घराण्याने किल्ला बांधला, त्याच्याच वंशजाची ती कोठडी झाली. नदीकडच्या त्या दाराशी गेलो की मला हटकून नीलकंठशहा आठवतो.

आता काठाने चालू लागा. पेपर मिलचं धुरांडं बराच वेळ दिसत राहतं. त्याचं वाईट वाटून घेऊ नये, अर्धं गाव त्याच्यावर जगलं. वस्ती मागे पडते आणि काठ उंच, मातीचा होतो. इथे माझी चाल थांबते, कारण इथे कवड्या खंड्या असतो. काळा-पांढरा, मैनेपेक्षा थोडा मोठा. बाकीचे खंड्ये फांदीवर बसून वाट बघतात. हा पाण्यावर हवेतच उभा राहतो. चोच खाली, पंख भराभर हलताहेत आणि डोकं जागच्या जागी स्थिर. मग दगड पडावा तसा सरळ खाली. बारीक मासा असेल तर काठावर न येता उडता उडताच गिळतो. त्यामुळे जवळपास झाड नसलेल्या रुंद पात्रातही त्याचं पोट भरतं. डोंग्यातले एक ढिवर काका मला म्हणाले होते, "तो वर थांबला ना भाऊ, तिथं मासोळी असतेच. जाळं टाकायच्या आधी आम्ही त्यालेच बघतो."

याचं घर त्या उभ्या काठात. नर-मादी दोघं मिळून माती उकरतात आणि हातभरापेक्षा लांब, आडवं बीळ करतात. बिळाच्या टोकाशी अंडी असतात. हिवाळा सरता सरता काठावर ताजी भोकं दिसू लागली की वरून चालू नये, माती ढासळते. रेतीच्या उपशाने काठ खचतो तेव्हा अशी किती घरं जातात, ते कुठल्याही पंचनाम्यात येत नाही. याचा मला मनापासून राग आहे. उपसा ठरवताना काठाची माती कुठे उभी राहिली आहे, हे आधी बघायला हवं.

पलीकडे राजुरा. 1959 पर्यंत तो तालुका चंद्रपूर जिल्ह्यात नव्हता. त्याआधी तो निजामाच्या आदिलाबादेत होता, मग काही वर्षं नांदेडात. म्हणजे या तटावरचा पहारेकरी एके काळी परक्या मुलखाकडे बघत असणार. किल्ल्याचं सगळ्यात चांगलं दर्शन त्या परक्या काठावरूनच होतं. नदीकडचा तट सकाळी सावलीत असतो. दुपारनंतर त्याच्यावर ऊन येतं आणि दगडांचे थर, भेगांत रुजलेले पिंपळ एकेक करून सुटे दिसू लागतात.

पण फार रेंगाळू नका. हा वाघांचा मुलूख आहे. राजुऱ्याच्या जंगलात माणसं मारणारा आरटी-1 वाघ 2020 च्या ऑक्टोबरमध्ये पिंजऱ्यात सापडला, तोवर तिकडच्या शेतकऱ्यांनी फार सोसलं. एकट्याने जाऊ नये, काठ सोडून झुडपात शिरू नये, जंगलात जायचंच असेल तर वन विभागाला विचारून जावं. आणि ऊन कलतं झालं की गावाकडे वळावं.