गवंड्याच्या नळीतून गॅरेजचं हत्यार: दोन कार्बोरेटर एका तालावर



केडगाव-चौफुला पट्ट्यात गॅरेज टाकायचं म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, मशिनरीला भांडवल किती?" आज उलट्या बाजूने बघू. काही शे रुपयांत घरी बनणारं एक हत्यार घेऊ आणि त्यावर होणाऱ्या कामाचा दर कसा लावायचा ते शिकू.

आधी गिऱ्हाईक ओळखा

आपल्याकडच्या बहुतेक गाड्या एका सिलिंडरच्या. कार्बोरेटर एकच, मग जुळवणार कशाशी? त्यात एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या मोटरसायकली फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. म्हणजे हे काम रोजचं नाही. पण पुण्याच्या बजाजने २००९ मध्ये आणलेली कावासाकी निंजा २५०आर घ्या, किंवा कायनेटिकने कोरियाच्या ह्योसंगसोबत आणलेली कॉमेट घ्या. दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. गाड्या थोड्या आहेत, पण मालक हौशी आहेत. चांगला हात सापडला तर लांबून येतात.

बैलजोडीत एक बैल ओढतो आणि दुसरा रेंगाळतो, तसं या गाड्यांचं होतं. आयडलिंग डगमगतं, हँडल थरथरतं, पिकअप अडखळतो. नुसत्या कानाने हा फरक नेमका पकडता येत नाही. तो मोजावा लागतो.

हत्यार असं बनवा

• गवंडी पाणलेव्हलला वापरतो तसली पारदर्शक नळी, पण आतून ५-६ मिमीची, सुमारे ६ मीटर.
• सव्वा मीटर उंचीची फळी. नळीचा मधला भाग तिच्यावर इंग्रजी 'यू' सारखा बसवा.
• दोन्ही उभ्या बाजूंत निम्म्या उंचीपर्यंत टू-स्ट्रोक ऑइल भरा.
• दोन्ही बाजूंना एकेक जाड काचेची, घट्ट झाकणाची बाटली. नळी झाकणातून आत आणि दुसरी नळी झाकणातूनच बाहेर, कार्बोरेटरकडे.

बाटलीत कंजुषी करू नका. इंजिन चालू असताना एका बाजूची नळी निसटली, तर दुसरा सिलिंडर सगळं ऑइल ओढून घेतो. बाटली ते मधेच अडवते. म्हणून फळीवरच्या सगळ्या ऑइलपेक्षा बाटली मोठी हवी. पारा मात्र अजिबात वापरू नका, त्याची वाफ विषारी असते. शिवाय त्याची गरजही नाही. ऑइल पाऱ्यापेक्षा खूप हलकं असल्यामुळे जिथे पारा १ मिमी हलेल, तिथे ऑइल सुमारे १५ मिमी हलतं. बारीक फरकही डोळ्याला दिसतो.

काम असं करा

व्हॉल्व्ह क्लिअरन्स, एअर फिल्टर, प्लग आणि इनटेकचे रबर आधी तपासा. तिथे दोष असेल तर जुळवणी टिकत नाही. इंजिन गरम करा, गाडी मोकळ्या हवेत ठेवा. दोन्ही व्हॅक्यूम नळ्या लावून गाडी आयडलवर सोडा. काही गाड्यांत पेट्रोल कॉक व्हॅक्यूमवर चालतो, तिथे पेट्रोलची वेगळी सोय आधी करून ठेवा.

ज्या बाजूचं ऑइल वर चढलं, तिकडे खेच जास्त, म्हणजे तो थ्रॉटल जास्त बंद आहे. दोन कार्बोरेटरमधला जुळवणीचा स्क्रू अगदी थोडा फिरवा, हलकी रेस द्या, थांबा, परत बघा. दोन्ही पातळ्या सारख्या झाल्या की आयडल सेट करा. खात्रीसाठी नळ्यांची अदलाबदल करून एकदा पाहा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. राजदूत ३५० सारख्या टू-स्ट्रोक गाडीला हे हत्यार लावू नका. तिथली खेच धक्क्याधक्क्याने येते. दोन्ही स्लाइड एकाच वेळी उचलतात का, ते पाहून केबल जुळवावी लागते. "या गाडीला हे चालत नाही" असं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगणं हीसुद्धा सर्व्हिसच आहे.

आता पैशाचं बोलू

इथेच बहुतेक जण घसरतात. हत्यार स्वस्तात बनलं म्हणून काम पन्नास रुपयांत देतात. हिशोब मांडा. समजा भाडं, लाइट बिल, मदतनीस आणि तुमचा स्वतःचा पगार धरून महिन्याचा खर्च ३०,००० रुपये. दुकान महिन्याला २०८ तास उघडं, पण बिल लागतं असं काम फक्त १२० तासांचं. मग तुमचा एक तास २५० रुपयांना पडतो, १४४ ला नाही. तपासणीसकट हे काम दोन तास घेतं, म्हणजे ५०० रुपये तुमचा नुसता खर्च झाला. नफा त्याच्या वर. त्याखाली घेतलेल्या प्रत्येक गाडीला तुम्ही खिशातून पैसे देताय.

दर सांगताना फळी गिऱ्हाइकासमोर ठेवा. आधीची पातळी आणि नंतरची पातळी त्याच्याच मोबाइलवर फोटो काढून द्या. फरक डोळ्यांनी दिसला की घासाघीस कमी होते, आणि तोच फोटो त्याच्या ग्रुपवर तुमची जाहिरात करतो.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या धंद्यातलं अंदाजाने होणारं एक काम शोधा आणि ते मोजून कसं दाखवता येईल, हे वहीत लिहा. त्याच पानावर तुमच्या एका तासाचा खरा खर्चही काढा. दर त्यानंतरच ठरवा.