सातारा-सांगलीचा गॅस : दोन टोके, एकच उगम

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची खूण 45 फुटांवर आहे. कोल्हापूरजवळ शिरोलीपाशी पुणे-बंगळूरु महामार्ग पाण्याखाली गेला आणि जवळपास आठवडाभर हजारो ट्रक जागीच उभे राहिले. या आकड्यांची चर्चा होते ती धरणांच्या विसर्गावरून. मला मात्र ते गॅसच्या नकाशावर मांडलेले पाहायचे आहेत.

2018 मध्ये पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या नवव्या फेरीत सातारा आणि सांगली मिळून एक वितरण क्षेत्र ठरले आणि ते भारत पेट्रोलियमच्या उपकंपनीकडे गेले. घरोघरी नळाने गॅस, वाहनांना सीएनजी, कारखान्यांना इंधन, असा हा बेत. मुख्य वाहिनी जिथे पोहोचलेली नसते तिथे गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून, नाहीतर द्रवरूपात टँकरने न्यावा लागतो. तो टँकर महामार्गावरूनच येणार.

नळाच्या गॅसने आणखी एक गोष्ट बदलते. घरात भरलेला सिलिंडर असतो तोवर काही दिवसांचा साठा आपल्या ओट्याखाली असतो. नळ आला की ती जबाबदारी वाहिनीवर जाते. वाहिनीत गॅस दाबाखाली कोंबलेला असतो, आणि हीच तिची साठवण. 36 इंची वाहिनीच्या एका किलोमीटरमध्ये साधारण 640 घनमीटर जागा असते. 80 बार दाबाला त्या जागेत हवेच्या नेहमीच्या दाबाला मोजल्यास 50 हजार घनमीटरांहून अधिक गॅस मावतो. मागून पुरवठा थांबला, तरी दाब 50 बारपर्यंत उतरेस्तोवर त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक गॅस काढता येतो. पण शहरातल्या वाहिन्या बारीक आणि कमी दाबाच्या. शेगडीपाशी तर दाब हवेपेक्षा जेमतेम 21 मिलिबारने जास्त असतो. तिथे साठा असा उरतच नाही. युरोपात उन्हाळ्यात भूगर्भातल्या पोकळ्या गॅसने भरून ठेवतात, भारतात तशी मोठी साठवण अजून नाही.

म्हणून सगळा भार येतो तो गॅस किती वाटांनी येऊ शकतो यावर. 16 नोव्हेंबर 2025 रोजी मुंबईत आरसीएफ या खत कारखान्याच्या आवारात गेल कंपनीची मुख्य गॅसवाहिनी दुखावली. वडाळ्याच्या गॅस केंद्राचा पुरवठा घटला आणि सीएनजी पंपांपुढे रिक्षा-टॅक्सींच्या रांगा लागल्या. जानेवारी 2009 मध्ये रशिया-युक्रेन वादात ऐन थंडीत युरोपचा गॅस तुटला होता. त्यानंतर युरोपीय संघाने 2010 मध्ये नियम केला : सर्वांत मोठी एक सुविधा बंद पडली तरी, वीस वर्षांत एखाद्या वेळी येणाऱ्या कडाक्याच्या दिवसाची मागणी उरलेल्या सुविधांनी भागवली पाहिजे. 2017 च्या सुधारित नियमाने शेजारी देशांना हा हिशेब एकत्र मांडायला लावले.

हीच कसोटी आपल्या दोन जिल्ह्यांना लावून पाहू. उत्तरेला पुणे आहे. तिथला गॅस पनवेलच्या बाजूने घाट चढून येतो. दक्षिणेला 2013 मध्ये सुरू झालेली दाभोळ-बंगळूरु वाहिनी कोल्हापूरच्या बाजूने जाते. शिरवळपासून मिरजेपर्यंत जोडवाहिनी टाकली तर दोन्ही टोकांकडून गॅस घेता येईल. कागदावर हे उत्तम दिसते. पण दाभोळची वाहिनी पनवेलच्या वाहिनीला जोडलेली आहे आणि दोघींना गुजरातकडून येणारा गॅस एकच आहे. पनवेलच्या आधी, गुजरातकडच्या बाजूला काही बिघडले तर दोन्ही टोके एकदमच कोरडी पडतील.

त्यांना वेगळा आधार देतो तो दाभोळचा एलएनजी धक्का. उणे 162 अंशांवर द्रव झालेला गॅस तिथे जहाजातून उतरतो. लाटा अडवणारी भिंत अपुरी असल्याने वर्षानुवर्षे पावसाळ्यात तिथे जहाजे लागत नसत. कृष्णा फुगते तेही याच महिन्यांत! रस्ता बुडण्याचा आणि दुसरा स्रोत बंद असण्याचा काळ एकच असणे, ही नियोजनातली सर्वांत धोकादायक गाठ आहे. कोकणातल्या त्या भिंतीच्या कामाकडे सांगलीजवळच्या कुपवाडच्या उद्योजकांनीही लक्ष ठेवायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

तिसरा स्रोत इथल्याच मातीत आहे. रेठरे, साखराळे, कुंडल ही साखर कारखान्यांची गावे. उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या साधारण 25 टन गाळापासून, म्हणजे प्रेसमडपासून, शुद्ध केलेला एक टन जैववायू मिळतो आणि तो त्याच नळातून वाहू शकतो. वितरक कंपन्यांनी 2025-26 मध्ये 1 टक्का आणि 2028-29 पासून 5 टक्के असा वायू मिसळायचा, असे केंद्राने ठरवले आहे. अडचण हंगामाची आहे. गाळप उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते आणि उघड्यावर पडलेला प्रेसमड कुजून त्यातला वायू निघून जातो. ऑगस्टमध्ये गॅस हवा असेल तर प्रेसमड झाकून साठवावा लागेल, जोडीला शेण आणि बाजार समित्यांचा कचरा घ्यावा लागेल.

जोडवाहिनीचा व्यास दुप्पट केला तर तेवढ्याच दाबात पाच ते सहापट गॅस वाहतो. स्वतःपुरता विचार केला तर सातारा-सांगलीला बारीक नळी पुरेल. संकटात पुण्याचा गॅस कोल्हापूरला, किंवा कोल्हापूरचा पुण्याला न्यायचा तर नळी रुंद हवी. पण पुणे, सातारा-सांगली आणि कोल्हापूर ही क्षेत्रे वेगवेगळ्या कंपन्यांकडे आहेत. शेजाऱ्याच्या अडचणीसाठी लागणाऱ्या त्या जादा पोलादाचा खर्च कोणाच्या खाती घालायचा, हे नियामक मंडळाने खोदाईच्या आधीच ठरवले पाहिजे. एकदा पुरलेली वाहिनी पुढे अनेक दशके तेवढ्याच व्यासाची राहते.