पाच तालुके, दोन ॲरे

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात पाच तालुके आहेत: हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत, औंढा नागनाथ. ही नावे याच क्रमाने दोन ॲरेंत भरा आणि जावास्क्रिप्टच्या 'इफ'मध्ये विचारा, दोन्ही सारखे का? उत्तर येते, नाही. दोनऐवजी तीन बरोबर-चिन्हे लावा, तरी नाहीच. आतली नावे तिथे कुणी वाचतच नाही. दोन्ही ॲरे म्हणजे मेमरीतली एकच वस्तू आहे का, एवढेच पाहिले जाते. म्हणून आधी लांबी तपासायची, मग लूप चालवून एकेक घटक जुळवायचा. जावातही हाच घोळ, पण तिथे 'ॲरेज.इक्वल्स' तयार मिळते.

पायथनची लिस्ट आतला मजकूर पाहते. मात्र एका यादीत वसमत सेनगावच्या आधी आले की तीही नकार देते. क्रम नको म्हणून अनेकजण 'सेट' वापरतात. मला ती घाई वाटते. बाजारातल्या हळदीच्या भावांची यादी असेल आणि दोघांना एकच भाव मिळाला असेल, तर सेटमध्ये एक नोंद गळते. त्यापेक्षा दोन्ही याद्या सॉर्ट करून ताडाव्यात.

पायथनची नमपाय लायब्ररी तर प्रत्येक घटकाचा वेगळा हो-नाही देते आणि 'इफ' एरर दाखवून थांबते. तिथे 'ॲरे_इक्वल' वापरा.